वेणूबाईंचं सावधान

वेणूबाईंचा आवाज हा सप्तापुरातला एक पत्ता होता. धारवाडात विद्यापीठाच्या आसपास भाड्याची खोली शोधत येणाऱ्या पोरांना दुकानदार सरळ सांगत, "बाई ओरडलेल्या ऐकू आल्या की डावीकडं वळा." बाईंनी जन्मभर मराठी शाळेत ड्रिल शिकवलं. त्यांनी "सावधान!" म्हटलं की मैदानावरची पोरं ताठ होतच, पण कुंपणापलीकडून चाललेला पोस्टमनसुद्धा सायकलवरून खाली उतरत असे. पुढं शाळेतली पोरं आटत गेली आणि बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या दोन हुकमांपैकी विश्राम शाळेतच राहिलं. सावधान मात्र बाईंबरोबर घरी आलं, कारण घरी श्रीहरी होता.

श्रीहरी त्यांचा धाकटा भाऊ. जन्मताना त्यानं पहिलं रडायला उशीर केला आणि त्या उशिराचा दंड आयुष्यभर भरला. दोन्ही पाय ताठ, गुडघे एकमेकांना चिकटलेले, उजवा हात छातीशी आवळलेला. बोलणं ओढत ओढत यायचं, पण थांबून ऐकणाऱ्याला त्यातला शब्दन् शब्द मिळायचा, आणि तो बहुधा थट्टेचाच असायचा. डोकं लख्ख. आई जाताना म्हणाली होती, "वेणू, याच्याबाबतीत सावध राहा गं." बाईंनी ते असं मनावर घेतलं की पुढं त्या झोपेतसुद्धा सावधच राहिल्या.

लग्नाची गोष्ट निघाली होती एकदा. दाजीबानपेठेतल्या कापडवाल्यांचं स्थळ, हुबळीत नाव असलेलं, माणसं चांगली. मुलाची आई म्हणाली, "तुमच्या भावालाही आणा की. मागच्या खोलीत राहील, कुणाला दिसणारसुद्धा नाही." बाई म्हणाल्या, "मागच्या खोलीत आमच्याकडे तांदळाची पोती ठेवतात," आणि समोरच्या पोह्यांच्या बश्या उचलून आत घेऊन गेल्या. पाहुण्यांचं खाऊन व्हायचं होतं. ही गोष्ट श्रीहरी अजून सांगतो, आणि दर वेळी ते पोहे आणखी चविष्ट होत जातात.

आता श्रीहरी पन्नाशी ओलांडून गेलेला आणि बाई सत्तरीच्या उंबऱ्यावर. त्याला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत आणि तिथून परत पलंगावर न्यायचं ते बाईंनीच. त्यात त्यांचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायला हवं, दोन्ही गुडघ्यांचं, आणि नंतर काही महिने कुणाला उचलायचं नाही. बाई म्हणाल्या, "करू की." धारवाडी माणसाच्या "करू की"चा अर्थ काय होतो ते धारवाडच्या डॉक्टरला चांगलं ठाऊक असतं. तो हसला आणि त्यानं पुढच्या पेशंटला हाक मारली. अडचण एकच होती. बाई दवाखान्यात पडल्या तर श्रीहरीला कोण सांभाळणार? त्याला पलंगाच्या कडेला स्वतःहून बसतासुद्धा येत नव्हतं. पाठीमागचा हात काढला की तो कलंडायचा.

हे सगळं दीपश्रीच्या कानावर गेलं. दीपश्री बाईंचीच विद्यार्थिनी, ड्रिलच्या तासाला पोट दुखतंय म्हणून झाडाखाली बसणारी. आता ती फिजिओथेरपिस्ट झाली होती, आणि अळणावरच्या रस्त्याला निलगिरीच्या रांगेमागं तिनं घोड्यांचं केंद्र काढलं होतं. ज्यांचे हातपाय ऐकत नाहीत अशांना तिथं घोड्यावर बसवून संथ चालवत. घोडा चालला की वरच्या माणसाची कंबर चालणाऱ्यासारखी हलते, आवळलेले स्नायू सैलावतात, पाठीला हळूहळू तोल सापडतो. आसपासचे लोक त्या जागेला "कुदरी साली" म्हणत. धारवाडच्या कानडीत त्याचा अर्थ घोड्यांची शाळा. मराठी कानाला ते जरा भलतंच लागतं, म्हणून बाई "दीपश्रीचं मैदान" असं म्हणत.

"बाई, त्याला आधाराची कडी धरून स्वतः बसता आलं, तर तो इथं राहू शकेल," दीपश्रीनं दोघांना केंद्रावर बोलावून सांगितलं. "खोली आहे. घोडा सांभाळणारे भीमराव आणि कौसल्या दोघं इथंच राहतात. तेवढा तोल आला तर त्यांना त्याला सांभाळणं जमेल. तुम्ही ऑपरेशन करून घ्या."

"अगं, तो पलंगावर बसत नाही. घोड्यावर काय बसणार?"

"पलंग हलत नाही, बाई. म्हणून तर बसत नाही."

बाईंना हे विद्यार्थिनीकडून ऐकून घ्यायची सवय नव्हती. त्या काही बोलणार, तेवढ्यात श्रीहरी खुर्चीतून म्हणाला, "अक्का, आपल्या घरातून... कुणाचीच वरात... निघाली नाही. माझी तरी... निघू दे."

घोड्याचं नाव बेल्ला. बेल्ला म्हणजे गूळ, आणि त्याचा रंगही ताज्या ढेपेचाच. पूर्वी तो हुबळीत नवरदेवांना मिरवायचा. त्याची दोरी धरणारा भीमराव अळणावरजवळच्या एका खेड्यातला. घरात मराठी, शेतात मराठी, पण घोड्याशी बोलायचं ते कानडीत. त्याची बायको कौसल्या स्वाराच्या एका बाजूनं चालायची. दुसऱ्या बाजूनं कोण चालणार, हा प्रश्न बाईंनी कुणाला विचारूच दिला नाही.

पहिल्या दिवशी मैदानावर धुकं होतं. धारवाडच्या थंडीतलं धुकं ऊन आलं तरी उठायला आळस करतं. मैदानाच्या कडेला उताराचा ओटा बांधलेला होता. त्यावर श्रीहरीची खुर्ची चढवली, त्याच्या डोक्यावर हेल्मेट घातलं, बेल्लाला बाजूला लावला, आणि तिघाचौघांनी मिळून श्रीहरीला अलगद त्याच्या पाठीवर ठेवला. पाठीवर खोगीर नव्हतं, जाड घोंगडं होतं आणि पुढं धरायला एक कडी. बाईंनी त्याच्या मांडीवर हात असा रोवला की घोड्याला वाटलं असावं, आपल्याला आणखी एक पाय फुटला. भीमराव म्हणाला, "नडी." बेल्ला चालू लागला.

दहा पावलं झाली नसतील, श्रीहरी जरासा डावीकडं झुकला. बाईंच्या तोंडातून शब्द सुटला.

"सावधान!"

एकाच शब्दानं दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. वर श्रीहरीचं अंग नखशिखान्त ताठलं. पाय आवळले, मान मागं गेली, डावा हात कडीवर पांढरा पडला. खाली बेल्लानं मात्र मान सोडली, एक लांब श्वास टाकला आणि पावलं अशी संथ केली की त्याला पेंग आल्यासारखं वाटावं. भीमरावनं दोरी सैल धरून घोड्याला उभा केला.

"अक्का," तो म्हणाला, "ह्याला मराठी येत न्हाई. ह्याला कानडी सावधान ठावं हाय."

आता कानडीतही सावधान हा शब्द आहेच. पण तिथं त्याचा अर्थ घाई नको, दमानं, निवांत. बाईंना हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? सगळा जन्म धारवाडात गेला. भाजीवाली रोज त्यांना पायऱ्या उतरताना बघून "सावधान बर्री, बाई", म्हणजे दमानं या, असं म्हणते आणि बाई रोज मान हलवतात. शेजाऱ्यांच्या घराची किल्ली आपल्याकडं असावी आणि आपण त्या घरात कधी टेकलेलं नसावं, तसा तो अर्थ त्यांच्यापाशी पडून होता.

"बाई, रागावू नका," दीपश्री म्हणाली. आवाजात ड्रिलच्या तासाची भीती अजून शिल्लक होती. "तुम्ही सावधान म्हटलं की त्याचं अंग आवळतं. घोडा त्याला सोडवतोय आणि तुम्ही बांधताय."

बाई रागावल्या. त्यांना सांगायचं होतं की या शब्दावरच हा माणूस पन्नाशीपर्यंत आला, एकदाही पडला नाही. पण वरून श्रीहरी त्यांच्याकडं इतकं टक लावून बघत होता की त्यांचा सूर मोडला.

"काय रे?"

"अक्का, तुझा भांग... पांढरा झालाय."

त्यानं तो आजवर पाहिलाच नव्हता. खुर्चीतून जग बघणाऱ्याला माणसांचे पट्टे, सदऱ्यांची बटणं, साड्यांच्या निऱ्या दिसतात. बहिणीची हनुवटी त्याला पाठ होती. तिचं डोकं वरून कसं दिसतं हे कळायला घोडा लागला. बाईंनी घाईनं पदर डोक्यावर घेतला. त्यांना लाज वाटली आणि का वाटली ते समजेना.

मग थंडीभर ते जात राहिले. श्रीहरीला घोड्याचं वेड लागलं, आणि ते वेड फार शांत होतं. बेल्ला मैदानाच्या कडेकडेनं फेऱ्या घालायचा आणि श्रीहरी कडेच्या उंच भिंतीपलीकडं बघायचा. पलीकडं जोंधळ्याचं शेत होतं, शेतापलीकडं रूळ, आणि मधूनच अळणावरकडं जाणारी गाडी धुक्यात शिट्टी देऊन जायची. तो अर्धे डोळे मिटून काय काय दिसलं ते सांगायचा. त्यातलं किती दिसलेलं आणि किती मनातलं हे बाईंना भिंतीमुळं तपासता यायचं नाही. एका बैलगाडीत माणूस आडवा झोपला होता आणि बैल त्याला त्याच्या घरी नेऊन सोडत होते. शेतातल्या बुजगावण्यानं आज टोपी बदलली होती. दुपारी घरी जेवून पडला की तो म्हणायचा, "अक्का, पलंग चालायला लागलाय." मग डोळे मिटून त्या पलंगावरून तो सप्तापूरभर फिरून यायचा. दुकानदार वर मान करून त्याच्याशी बोलायचे आणि त्याला सगळ्यांचे भांग दिसायचे. बाई धान्य निवडत ते ऐकायच्या. कधी त्यांनाही वाटायचं, जमीन थोडी हलते आहे. पण मग गुडघा ठणकायचा आणि जमीन होती तिथं यायची.

पाठ सुधारत होती, यात शंका नव्हती. कौसल्यानं आधी मांडीवरचा हात घोट्यावर आणला, मग काढूनच घेतला. ती नुसती बाजूनं चालू लागली. बाईंचा हात मात्र होता तिथंच होता.

"बाई, तो घोड्यावर बसत नाही, तुमच्या हातावर बसतो," दीपश्री एकदा म्हणालीच. "हात निघाल्याशिवाय त्याला तोल सापडला की नाही ते कसं समजणार?"

"निघेल की," बाई म्हणाल्या. हे "करू की"चं सख्खं भावंड होतं.

घरी येताना रिक्षात त्या धुमसत राहिल्या. हात काढ म्हणे. या हातानं घास भरवला, या हातानं दाढी केली, आज सकाळीसुद्धा याच हातानं उचलला. तो हात काढून ठेवायचा कुठं? श्रीहरी म्हणाला, "अक्का, एक सांगू? तुझा हात... थरथरतो. तो थरथरला की... मला वाटतं मी पडतोय. बेल्ला... थरथरत नाही."

बाईंना ते फार लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. त्या दिवशी त्यांनी भात करपवला आणि श्रीहरीनं तो मुकाट्यानं खाल्ला.

त्यानंतरच्या खेपेला धुकं इतकं दाट होतं की ओट्यावरून मैदानाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. निलगिरीची पानं टपटपत होती. बेल्ला, पुढं भीमराव, बाजूला कौसल्या, दुसऱ्या बाजूला बाई, असे सगळे त्या पांढऱ्यातून चालले होते आणि कुणाचं पाऊल वाजत नव्हतं. श्रीहरीचे डोळे मिटलेले होते. अर्धी फेरी झाली असेल, बाईंचा उजवा गुडघा एकदम गेला. कुणी खुर्ची ओढून घ्यावी तशा त्या ओल्या गवतावर बसल्या आणि मांडीवरचा हात निसटला.

श्रीहरीनं डोळे उघडले. हाताची जागा रिकामी झालेली त्याला कळली. तो मान वळवून खाली बघू लागला, आणि मानेबरोबर खांदा, खांद्याबरोबर पाठ कलायला लागली. कौसल्या दुसऱ्या बाजूला होती. बाई जमिनीवरून सगळं बघत होत्या आणि त्यांच्या गळ्यात तो शब्द आला. तो तसाच बाहेर पडला असता तर श्रीहरीचं अंग लाकूड झालं असतं आणि तो त्या बाजूनं सरळ खाली आला असता. बाईंना हे पक्कं कळलं. पण करायचं काय? गळ्यात दुसरा शब्दच नव्हता. जन्मभर एकच तर बाळगला होता.

तो शब्द निघालाच. पण निघताना बाईंच्या तोंडात त्याचा ताठा गेला. भाजीवाली पायरीवर म्हणते तसा, भीमराव घोड्याच्या कानापाशी म्हणतो तसा, लांबट आणि मऊ निघाला.

"सावधाऽन... सावधाऽन..."

बेल्लानं मान सोडली आणि श्वास टाकला. त्याची पावलं संथ झाली. श्रीहरीनं तो आवाज ऐकला. अक्काचा आवाज, पण त्यात हुकूम नव्हता. त्याची पाठ कलता कलता थांबली, घोड्याच्या एका पावलाला थोडी डोलली, दुसऱ्या पावलाला मधोमध आली. कौसल्याचा पुढं झालेला हात हवेतच राहिला. भीमरावनं मागं बघून सगळं जोखलं आणि घोडा थांबवला नाही. श्रीहरीनं बाईंवरची नजर उचलली आणि समोर लावली. मग घोडा, दोरी, माणसं धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

बाई गवतात बसून राहिल्या. लुगडं भिजलं. त्यांना आनंद झाला होता. आणि त्याच वेळी आपल्या घरातलं सगळं सामान कुणी दुसरीकडं हलवलं असावं असं रिकामं रिकामं वाटत होतं. त्या रडल्या. धुक्यात कुणाला दिसत नव्हतं, म्हणून चांगल्या भरपूर रडल्या. हात मांडीवर उताणा पडला होता. पहिल्यांदाच त्याला काही काम नव्हतं, आणि तो थरथरत नव्हता.

थोड्या वेळानं समोरच्या पांढऱ्यात गुळाचा एक डाग दिसला. मग त्याचा घोडा झाला. त्याच्यावर श्रीहरी बसला होता, डावा हात कडीला, पाठ जशी हवी तशी. घोडा बाईंपाशी येऊन उभा राहिला. श्रीहरीनं वरून त्यांच्याकडं पाहिलं. डोक्यावरचा पदर कधीच पडला होता.

"अक्का," तो म्हणाला, "विश्राम."

बाईंना हसू आलं आणि पुन्हा रडूही आलं. भीमराव म्हणाला, "उठा की, अक्का, गवत वल्लं हाय," पण त्यांना थोडं आणखी बसायचं होतं.

ऑपरेशनचा दिवस ठरला. त्याआधी श्रीहरीचं सामान केंद्रातल्या खोलीत आलं. कपडे, रेडिओ, दाढीचा डबा. पलंगाशेजारी भिंतीत एक कडी ठोकलेली होती, आणि ती धरून तो पलंगाच्या कडेला बसून दाखवत होता, येईल त्याला, नको म्हणणाऱ्यालासुद्धा. बाईंनी कौसल्याला सांगितलं, त्याला आमटी गोड लागते, गुळाचा खडा जरा मोठा टाक. मग तेच पुन्हा सांगितलं. कौसल्या म्हणाली, "गुळाच्याच पाठीवर बसतोय की तो, अक्का, काळजी कशाला?"

बाईंना हुबळीच्या दवाखान्यात न्यायला गावातलीच रिक्षा आली, रिक्षावाला कानडी. सकाळची वेळ. श्रीहरीनं हट्ट धरला होता की निरोप खुर्चीतून द्यायचा नाही, म्हणून तो बेल्लावर बसला होता. बाईंनी त्याच्या पावलाला हात लावला, तेवढाच हात पोचत होता, आणि त्या काठी टेकत फाटकाबाहेर गेल्या. दीपश्री त्यांच्याबरोबर बसली. रिक्षा सुरू झाली.

रस्ता मैदानाच्या भिंतीला लागून जातो. बाईंनी पुढं बघायचं ठरवलं होतं, पण मान वळलीच. भिंतीवरून श्रीहरीचं डोकं दिसत होतं. हेल्मेट, चेहरा आणि खांदे. खालचा घोडा दिसत नव्हता, त्यामुळं तो आपला आपणच चालल्यासारखा दिसत होता, भिंतीच्या कडेनं, रिक्षाबरोबर. पण रिक्षाला वेग येत होता आणि तो मागं पडत होता.

"सावधान," बाई पुटपुटल्या. कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आगली री," रिक्षावाल्यानं होकार भरला. बिचाऱ्याला वाटलं, आजारी बाई हळू चालव म्हणताहेत. त्यानं रिक्षा घोड्याच्या चालीवर आणली. मागून एका गाडीनं हॉर्न वाजवला, तरी त्यानं वेग वाढवला नाही.

श्रीहरी पुन्हा बरोबरीनं आला. अलीकडं रिक्षा, पलीकडं तो, मधे भिंत. त्यानं बाईंना पाहिलं. मग त्यानं डावा हात कडीवरून उचलला आणि हलवला. धरायला काहीच नव्हतं. दीपश्रीनं बाईंकडं बघितलं. बाईंनी स्वतःचा हात रिक्षाबाहेर काढला आणि त्याही हलवत राहिल्या. भिंत संपेपर्यंत दोघंही तशीच चालली होती.